प्लगिन घेताय? आधी मालक बघा, मग फीचर्स

१२ ऑक्टोबर २०२४. वीस लाखांहून जास्त साइट्सवर चालणारं ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ हे प्लगिन, म्हणजे वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरला जोडायचा भाग (सगळे त्याला एसीएफ म्हणतात), वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या डिरेक्टरीत, म्हणजे प्लगिन्स जिथून उतरवतात त्या यादीत, त्याच्या मालकांच्या हातातून काढून घेतलं गेलं. पान तेच, पत्ता तोच, इन्स्टॉलचा आकडा तोच, लोकांनी वर्षानुवर्षं दिलेले तारेही तेच. नाव मात्र ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ (एससीएफ). ज्यांचं ऑटो-अपडेट चालू होतं त्यांच्या साइटवर त्यांना न विचारता दुसऱ्याच लोकांचा कोड येऊन बसला. साइट्स चालू राहिल्या, त्यामुळे कित्येकांना पत्ताही लागला नाही.

तुमची एखाद्या दुकानाची, क्लासची, ट्रस्टची साइट असेल, किंवा तुम्ही दहा-वीस क्लायंट सांभाळत असाल, आणि आता फॉर्म, एसईओ (गुगलला साइट नीट सापडावी म्हणून), पेज बिल्डर (पानाची मांडणी ओढून-ठेवून करायला), कस्टम फील्ड्स (लेखाला जादा रकाने जोडायला) यातलं काही निवडायचं असेल, तर हा आढावा तुमच्यासाठी आहे. फीचर्सचे तक्ते सगळीकडे मिळतात आणि सहा महिन्यांत शिळे होतात. मी दोनच गोष्टी आधी बघतो. हे प्लगिन कोणाचं आहे आणि त्याचं पोट कशावर चालतं? आणि उद्या ते काढून टाकलं तर माझ्या डेटाबेसमध्ये काय उरेल? खालची सगळी तुलना या दोन प्रश्नांभोवती आहे.

धंदा कसा बदलला, थोडक्यात

वर्डप्रेस २००३चं. जीपीएल लायसन्सचं, म्हणजे कोणीही घ्यावं, बदलावं, वाटावं. सुरुवातीची प्लगिन्स हौसेने लिहिलेली होती आणि फुकट होती. २००९मध्ये ‘ग्रॅव्हिटी फॉर्म्स’ आलं. डिरेक्टरीत फुकट आवृत्ती नाही, पैसे मोजा आणि घ्या. लोक मोजायलाही लागले. त्या काळात बऱ्याच विक्रेत्यांनी एकदाच पैसे घेऊन कायमचे अपडेट्स आणि सपोर्ट द्यायचा रिवाज पाडला. तो टिकणारा नव्हता. पाच वर्षांपूर्वी दिलेल्या पन्नास डॉलरवर आजच्या सपोर्टवाल्याचा पगार कसा निघणार? २०१३मध्ये वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या प्लगिनच्या मूळ कंपनीने, वूथीम्सने, लायसन्स एका वर्षाचं केलं तेव्हा जुन्या ग्राहकांनी आकाशपाताळ एक केलं. पण वाट तीच ठरली. एसीएफची प्रो आवृत्ती २०१४मध्ये एकरकमी मिळायची, अमर्याद साइट्ससाठी शंभर ऑस्ट्रेलियन डॉलर. २०२०मध्ये तीही वार्षिक झाली. जुन्या ग्राहकांचं कायमचं लायसन्स मात्र त्यांनी पाळलं, हे नोंदवायला हवं.

मग आली खरेदीची लाट. २०२१ हे एक वर्ष बघा. योस्ट ही नेदरलँड्सची एसईओवाली कंपनी न्यूफोल्ड डिजिटलने घेतली. ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर त्यांचीच. लर्नडॅश, गिव्हडब्ल्यूपी, द इव्हेंट्स कॅलेंडर लिक्विड वेब या होस्टिंग कंपनीच्या छत्राखाली गेली. ईझी डिजिटल डाउनलोड्स आणि ॲफिलिएटडब्ल्यूपी ऑसम मोटिव्हकडे. डब्ल्यूपीफॉर्म्स आणि मॉन्स्टरइनसाइट्स त्यांच्याकडे आधीपासून होतीच. एसीएफ हे एका ऑस्ट्रेलियन डेव्हलपरने २०११मध्ये एकट्याने सुरू केलेलं काम. तेही २०२१मध्ये डिलिशियस ब्रेन्सकडे आणि २०२२मध्ये तिथून डब्ल्यूपी इंजिनकडे. म्हणजे तुम्ही २०१५मध्ये ज्या माणसाला पैसे दिलेत तो माणूस आता तिथे असेलच असं नाही. तुमच्या डॅशबोर्डात मात्र यातलं काहीच दिसलं नाही. फक्त ‘अपडेट उपलब्ध आहे’ एवढंच.

फॉर्मची तीन प्लगिन्स, पोट भरायच्या तीन तऱ्हा

‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ हे एका जपानी डेव्हलपरचं, २००७पासूनचं. एक कोटीहून जास्त इन्स्टॉल. फुकट, जाहिरातींचा मारा नाही, प्रो घ्या म्हणून मागे लागणं नाही. बांधणी जुन्या वळणाची. फॉर्म ओढून-ठेवून होत नाही, टॅग लिहावे लागतात. पण खरी मेख दुसरीकडे आहे. ते आलेला मजकूर फक्त ईमेलने पाठवतं, साठवत नाही. साठवायचा तर त्याच डेव्हलपरचं ‘फ्लेमिंगो’ नावाचं वेगळं प्लगिन लागतं. शेअर्ड होस्टिंगवरून निघालेले ईमेल स्पॅममध्ये जाणं किंवा वाटेतच नाहीसं होणं आपल्याकडे रोजचं आहे. दिवाळीच्या आधी आठ दिवस फराळाच्या ऑर्डरी आल्या आणि एकही पोचली नाही, असं झालं की दोष ‘फुकट प्लगिन’ला दिला जातो. दोष तिथे नसतो. फ्लेमिंगो टाका, एसएमटीपी (ईमेल खात्रीशीर पाठवायची जोडणी) नीट जोडा, आणि साध्या चौकशीच्या फॉर्मसाठी याच्याइतकं बिनघोर दुसरं काही नाही.

डब्ल्यूपीफॉर्म्सची लाइट आवृत्ती वापरायला सगळ्यात सोपी. पाच मिनिटांत फॉर्म उभा. पण ती प्रोकडे नेणारी पायरी आहे, हे डोळे उघडे ठेवून मान्य करायला हवं. लाइटमध्येही आलेल्या नोंदी डॅशबोर्डात बघायची सोय नाही. ती पैसे भरल्यावर. ज्याला क्लायंटकडून दरवर्षी पैसे मागायची सवय आहे, त्याला यात काही अडचण नाही.

ग्रॅव्हिटी फॉर्म्स फुकट मिळतच नाही. एका साइटचं मूळ लायसन्स वर्षाला ५९ डॉलर, म्हणजे आपले पाच हजार रुपये आणि वर कर. नोंदी तुमच्याच डेटाबेसमध्ये, अटींप्रमाणे उघडणारे रकाने, मोजमाप, फाइल अपलोड सगळं भक्कम. कंपनी अजून तिच्या संस्थापकांच्या वळणाने चाललेली. प्रवेशअर्ज, देणगी, नोंदणी असा फॉर्म हाच ज्या साइटचा कणा आहे तिथे मी हेच घेईन. ‘आमच्याशी संपर्क साधा’ एवढ्यासाठी पाच हजार घालवणं म्हणजे निव्वळ हौस.

वर्षाला की एकदाच?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ‘एकदाच’ असं असतं. डॉलरमधला खर्च दरवर्षी कोणाला हवाय?

एकदाच पैसे घेणारे दोन प्रकारचे आहेत, आणि त्यांच्यात गल्लत करू नका. पहिला कोडकॅन्यनसारखा बाजार. तिथे खरेदी एकदाच, अपडेट्स कायमचे, सपोर्ट सहा महिने. विक्रेत्याला नवा पैसा फक्त नव्या गिऱ्हाइकाकडून येतो, त्यामुळे विक्री आटली की त्याचा उत्साहही आटतो. या पद्धतीचा धोका २०१४मध्ये उघडा पडला. ‘स्लायडर रिव्होल्युशन’ या फिरती चित्रं दाखवणाऱ्या प्लगिनमध्ये गंभीर त्रुटी होती. कंपनीने ती फेब्रुवारीत गुपचूप दुरुस्त केली. पण हे प्लगिन शेकडो थीम्सच्या (साइटच्या तयार साजांच्या) पोटात घालून विकलेलं होतं, आणि थीम घेतलेल्याला प्लगिनचे अपडेट्स आपोआप मिळत नव्हते. डिसेंबरमध्ये ‘सोकसोक’ नावाचा मालवेअर त्या दारातून आत शिरला आणि गुगलने एका दणक्यात ११ हजारांहून जास्त डोमेन्स धोकादायक म्हणून अडवले. साइटवाल्यांपैकी अनेकांना हे प्लगिन आपल्याकडे आहे हेच माहीत नव्हतं. म्हणून ‘या थीमबरोबर साठ डॉलरची प्रीमियम प्लगिन्स फुकट’ असं वाचलं की खूश होऊ नका. त्यांच्या अपडेटची चावी थीमवाल्याकडे असते, तुमच्याकडे नाही.

दुसरा प्रकार म्हणजे ॲपसुमो या सवलतीत सॉफ्टवेअर विकणाऱ्या साइटवरची लाइफटाइम डील. नवी कंपनी सुरुवातीला हातात रोकड यावी म्हणून कायमचं लायसन्स स्वस्तात विकते. ‘लाइफटाइम’ म्हणजे त्या कंपनीचं आयुष्य, तुमचं नव्हे. साठ दिवसांत पैसे परत मिळतात, तेवढ्यात खरंखुरं वापरून बघा. इमेज छोट्या करणं, सोशल शेअरची बटणं, रिव्ह्यूची पट्टी अशा कामांसाठी ही डील चांगली. बंद पडलं तर दुसरं लावलं. ज्यात ग्राहकांची नोंद, ऑर्डरी किंवा विद्यार्थ्यांची प्रगती साठते ते असल्या डीलवर घेऊ नये.

वार्षिक लायसन्सबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय, तो म्हणजे मुदत संपली की प्लगिन बंद पडतं. जीपीएलमुळे बहुतेक प्लगिन्स चालू राहतात; थांबतात ते अपडेट्स आणि सपोर्ट. काहींमध्ये प्रो भागात संपादन करणं अडतं, त्यामुळे घेण्याआधी विक्रेत्याच्या पानावर मुदतीनंतर नेमकं काय होतं ते शोधून वाचा. दुसरं म्हणजे पहिल्या वर्षी निम्मा भाव आणि रिन्यूअलला पूर्ण भाव हा आता सर्रास रिवाज आहे. क्लायंटला कोटेशन देताना दुसऱ्या वर्षाचा आकडा धरा.

आपल्याकडची अडचण आणखी वेगळी. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम १ ऑक्टोबर २०२१पासून लागू झाले आणि परदेशी विक्रेत्यांची आपोआप वजावट अनेक भारतीय कार्डांवर होईनाशी झाली. ग्राहक म्हणून हा नियम मला आवडतो, न सांगता पैसे जात नाहीत. पण त्याचा उलटा परिणाम असा की लायसन्स गुपचूप संपतं. विक्रेत्याचा मेल प्रमोशनच्या टॅबमध्ये पडून राहतो आणि चार महिन्यांनी लक्षात येतं की ग्रॅव्हिटी फॉर्म्स जुन्याच आवृत्तीवर आहे. रिन्यूअलच्या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, विक्रेत्याच्या भरवशावर राहू नका. करही धरा. व्यक्ती म्हणून घेतलंत तर विक्रेता १८ टक्के जीएसटी लावू शकतो. नोंदणी असेल तर रिव्हर्स चार्जने तुम्हालाच भरावा लागतो आणि मग क्रेडिट मिळतं. सीएला विचारा, पण आधी विचारा.

एजन्सीवाल्यांनी आणखी एक धरून चालावं. ‘अनलिमिटेड साइट्स’ हा शब्द कधीही आटू शकतो. एलिमेंटॉर प्रो या पेज बिल्डरची १९९ डॉलरची योजना हजार साइट्सची होती. मार्च २०२१मध्ये त्याच किमतीत नव्या गिऱ्हाइकाला पंचवीस मिळू लागल्या. जुन्यांना जुनी सोय राहिली. ज्यांनी त्या आकड्यावर आपले पॅकेजेस बेतले होते त्या नव्या एजन्सींना मात्र हिशेब पुन्हा मांडावा लागला.

टेलिग्रामवर दोनशे रुपयांत मिळणाऱ्या ‘सगळ्या प्रो प्लगिन्स’बद्दल एवढंच, की जीपीएलचा कोड वाटणं कायद्याने चुकीचं नाही, पण लायसन्सची तपासणी काढून टाकताना त्यात आणखी काय घातलंय ते तुम्ही वाचलंय का? नसेल वाचलं, तर क्लायंटच्या साइटवर ते लावायचा तुम्हाला अधिकार नाही.

एकटा डेव्हलपर की मोठी कंपनी?

मन एकट्या माणसाकडे ओढ घेतं. तो स्वतः उत्तर देतो, त्याचं प्लगिन हलकं असतं, डॅशबोर्डात जाहिरातींची जत्रा भरवत नाही. पण तो थकतो, आणि थकला की विकतो. ‘डिस्प्ले विजेट्स’ हे दोन लाख साइट्सवरचं साधं-सोपं प्लगिन. २०१७मध्ये ते विकलं गेलं आणि नव्या मालकाने अपडेटमधून साइट्सवर स्पॅमचा मजकूर घुसवायला सुरुवात केली. डिरेक्टरीतून काढलं, परत आलं, पुन्हा काढलं, असं काही वेळा होऊन शेवटी कायमचं बंद झालं. त्याच वर्षअखेरीला तीन लाख साइट्सवरच्या ‘कॅप्चा’ नावाच्या प्लगिनचीही तशीच गत झाली. यातली वाईट गोष्ट अशी की, प्लगिन डिरेक्टरीतून बंद केलं तरी वर्डप्रेस तुम्हाला डॅशबोर्डात ते सांगत नाही. अपडेट येत नाही एवढंच, आणि अपडेट न येणं आपल्याला शांतता वाटते. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी आपल्या फुकट प्लगिन्सची डिरेक्टरीतली पानं उघडून बघावीत. बंद केलेलं असेल तर तिथे तारखेसकट लिहिलेलं असतं. वर्डफेन्ससारखं सुरक्षा प्लगिन असेल तर तेही कळवतं.

कंपनी विकत घेतली गेली म्हणजे सगळं बिघडलं असंही नाही. योस्ट न्यूफोल्डकडे गेल्यावर साइट्स कोसळल्या नाहीत, अपडेट्स नियमाने येत राहिले. बदलतो तो कल. होस्टिंग कंपनीच्या हातातलं प्लगिन हळूहळू त्या होस्टिंगच्या गिऱ्हाइकांच्या सोयीने वाढतं, मार्केटिंग कंपनीच्या हातातलं त्यांच्या इतर मालाच्या जाहिराती दाखवू लागतं. तुम्हाला चालत असेल तर चालू द्या.

सुरक्षेच्या बाबतीत मोठ्यांचीही खात्री नाही. ऑगस्ट २०२४मध्ये पन्नास लाखांहून जास्त साइट्सवरच्या लाइटस्पीड कॅश या साइट वेगवान करणाऱ्या प्लगिनमध्ये, आणि नोव्हेंबरमध्ये चाळीस लाखांवरच्या ‘रिअली सिंपल सिक्युरिटी’मध्ये अशा त्रुटी निघाल्या की परका माणूस ॲडमिन होऊ शकत होता. फरक पडला तो दुरुस्ती किती लवकर झाली यात. याआधी जून २०२४मध्ये ‘सोशल वॉरफेअर’ आणि आणखी काही प्लगिन्समध्ये हल्लेखोरांनी थेट डेव्हलपरच्या खात्यातून घुसून घाण घातली होती; दुसरीकडे फुटलेले पासवर्ड तिथेही तेच वापरलेले होते. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२४पासून डिरेक्टरीत प्लगिन ठेवणाऱ्यांना दुपदरी लॉगिन (पासवर्डबरोबर आणखी एक कोड) सक्तीचं झालं. देर आये.

पुण्याची कंपनी असेल तर? ब्रेनस्टॉर्म फोर्स ही ॲस्ट्रा थीमवाली कंपनी पुण्याची, दहा लाख साइट्सचा टप्पा ओलांडणाऱ्या पहिल्या बिगर-मूळ (वर्डप्रेसबरोबर न येणाऱ्या) थीमची मालक. गावची कंपनी म्हणून घ्यायचं नाही; पण सपोर्टच्या वेळा जुळतात आणि मालक स्वतःच धंदा चालवतात, हे माझ्या पहिल्या प्रश्नाचं चांगलं उत्तर आहे. २०२० साली संलग्न दुव्यांच्या (कमिशन मिळवून देणाऱ्या लिंकांच्या) नियमावरून ॲस्ट्रा काही काळ डिरेक्टरीबाहेर काढली गेली होती. दुरुस्ती केली, परत आली. नियम लिहिलेला होता, तो मोडला, शिक्षा झाली. पुढच्या प्रकरणाशी ताडून बघायला हे लक्षात ठेवा.

एसीएफ की एससीएफ?

आता सुरुवातीच्या गोष्टीकडे. सप्टेंबर २०२४मध्ये पोर्टलंडच्या वर्डकॅम्पमध्ये, म्हणजे वर्डप्रेसवाल्यांच्या संमेलनात, वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग यांनी एसीएफची मालक असलेल्या डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीवर जाहीर तोफ डागली. कंपनी वर्डप्रेसवर कमावते आणि परत काही देत नाही, नावाचाही गैरवापर करते, असा आरोप. २५ सप्टेंबरला डब्ल्यूपी इंजिनच्या सर्व्हर्सना वर्डप्रेस डॉट ऑर्ग बंद झालं. त्यांच्या गिऱ्हाइकांना डॅशबोर्डातून अपडेट्स मिळेनात. मधे काही दिवसांची सवलत, २ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दावा, आणि दहा दिवसांनी एसीएफचा ताबा. वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या लॉगिनवर तर ‘माझा डब्ल्यूपी इंजिनशी संबंध नाही’ अशी खूण करावी लागत होती. १० डिसेंबरला न्यायालयाने अंतरिम मनाई दिली, काही दिवसांत एसीएफचं पान मूळ मालकांना परत मिळालं. लॉगिनवरची ती खूण गेली आणि तिच्या जागी ‘पिझ्झ्यावर अननस छान लागतं’ अशी खूण आली. थट्टा कोणाची चालली होती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

या भांडणात कोण बरोबर, यावर आपल्याकडच्या मीटअपमध्येही दोन तट पडले. माझं मत विचाराल तर फुकट खाणाऱ्या होस्टिंग कंपन्यांबद्दलची तक्रार खोटी नव्हती, आणि तिच्यासाठी वापरलेलं हत्यार चुकीचं होतं. डिरेक्टरी ही सगळ्यांची चावडी आहे असं वीस वर्षं सगळे समजून चालले होते. ती मुलेनवेग यांची वैयक्तिक मालमत्ता आहे, २०१०मध्ये स्थापन झालेल्या वर्डप्रेस फाउंडेशनची नाही, हे या वेळी बहुतेकांना पहिल्यांदा कळलं. समुदायात कितीतरी जणांनी वर्षानुवर्षं भाषांतरं केली, मराठीतलीही, वर्डकॅम्प भरवली; मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूरला भरवली. त्यातल्या काहींचा उत्साह तेव्हा गेला तो गेला. मुलेनवेग यांच्या ऑटोमॅटिक या कंपनीतूनच त्या ऑक्टोबरमध्ये १५९ जण पैसे घेऊन बाहेर पडले, आणि एप्रिल २०२५मध्ये १६ टक्के लोक कमी केले गेले. तरी काम थांबलं नाही. २०२६च्या वर्डकॅम्प आशियासाठी मुंबईच निवडली गेली.

निवड करणाऱ्यासाठी याचा अर्थ काय? आज डिरेक्टरीत दोन्ही स्वतंत्रपणे आहेत. डेटा दोन्हींत एकाच पद्धतीने, वर्डप्रेसच्याच पोस्टमेटा टेबलमध्ये साठतो. एससीएफमध्ये रिपीटरसारखे (रकान्यांचा तोच संच हवा तितक्या वेळा भरू देणारे) भाग फुकट आहेत. एसीएफमध्ये त्यासाठी प्रो लागतं, एका साइटचे वर्षाला ४९ डॉलर. नुसत्या पैशाच्या हिशेबाने एससीएफ जिंकतं. तरी जुन्या क्लायंटच्या साइटवर एसीएफ प्रो असेल तर ते हलवू नका. त्याच्यामागे पूर्णवेळ टीम आहे आणि उत्पन्न आहे. एससीएफमागे वर्डप्रेस डॉट ऑर्ग आहे, ते चालवणं हा कोणाचा धंदा नाही, आणि ते ज्या रागातून जन्मलं तो राग निवल्यावर त्याच्याकडे किती लक्ष राहील हा प्रश्न मला रास्त वाटतो. नवी साइट, साधी फील्ड्स, बजेट तुटपुंजं असेल तर एससीएफ खुशाल घ्या. नाइलाज झाला तर उलट जाणंही अवघड नाही. मात्र थीमच्या टेम्प्लेटमध्ये या प्लगिनची फंक्शन्स थेट लिहिली असतील आणि प्लगिन बंद झालं, तर पान कोरं पडतं. फंक्शन उपलब्ध आहे का ते तपासूनच हाक मारा, नाहीतर वर्डप्रेसचं स्वतःचं गेट-पोस्ट-मेटा वापरा. डेव्हलपरला हे आजच सांगा.

या धक्क्यातून ‘फेअर’ नावाचा प्रकल्प जून २०२५मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या आधाराने उभा राहिला. प्लगिन्स एकाच डिरेक्टरीतून न येता अनेक ठिकाणांहून यावीत ही त्याची कल्पना. कल्पना चांगली. छोट्या साइटवाल्याने त्यापायी आज काही बदलावं असं मला वाटत नाही.

बिल्डर की ब्लॉक्स

इथे दुसरा प्रश्नच, म्हणजे काढल्यावर काय उरेल, सगळं ठरवतो. डब्ल्यूपीबेकरी हे बिल्डर काढलंत तर लेखात चौकटी कंसातल्या शॉर्टकोडांचा कचरा उरतो. एलिमेंटॉर काढलंत तर मजकूर बहुधा वाचण्याजोगा उरतो, मांडणी जाते. ती वेगळ्या मेटा रकान्यात साठलेली असते. वर्डप्रेसचे स्वतःचे ब्लॉक्स, डिसेंबर २०१८च्या ५.० आवृत्तीपासूनचे, लेखातच साधं एचटीएमएल ठेवतात. बिल्डर म्हणजे भाड्याच्या घरात स्वतःच्या खर्चाने बसवलेली फरशी. राहताना सुख आहे, निघताना उचलून नेता येत नाही.

तरी लँडिंग पेज सतत बदलणाऱ्या क्लासवाल्याला एलिमेंटॉर द्या, तो आनंदात राहील. वर्तमानपत्र, मासिक, संस्थेचे वृत्तांत, म्हणजे जिथे मजकूर दहा वर्षांनीही लागणार आहे, तिथे ब्लॉक्सच.

मराठी साइटसाठी वेगळं काय बघायचं

एसईओ प्लगिनचा हिरवा दिवा मराठी लेखकाने मनावर घेऊ नये. योस्टचं भाषेचं विश्लेषण ठरावीक भाषांसाठी बनलंय, मराठी त्यात नाही. ‘पुणे’ हा मुख्य शब्द दिला आणि लेखात ‘पुण्यात’, ‘पुण्याच्या’ असं असलं तर ते त्याला सापडत नाही. मग दिवा हिरवा व्हावा म्हणून लोक ‘पुणे मध्ये’ लिहायला लागतात. कृपा करून नको. शीर्षक, वर्णन, साइटमॅप एवढंच काम या प्लगिनकडून घ्यायचं असेल तर कोणतंही एक चालेल, फुकट आवृत्ती पुरे.

दुव्याचं बघा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, कानामात्रेसकट, वेब पत्त्यात नऊ अक्षरांचं होतं आणि वर्डप्रेसच्या त्या रकान्याला दोनशेची मर्यादा आहे. म्हणजे बावीस चिन्हांनंतर मराठी शीर्षक कापलं जातं. दोन लेखांची सुरुवात सारखी असेल तर दुवे जवळजवळ सारखेच. रोमन अक्षरांत छोटा दुवा हाताने लिहा. त्यासाठी प्लगिन लागत नाही.

वूकॉमर्सचं बिल पीडीएफमध्ये मराठीत हवं असेल तर प्लगिन आत कोणती लायब्ररी वापरतं ते विचारा. डॉमपीडीएफ जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसवत नाही. एमपीडीएफला योग्य फॉन्ट दिला तर बसतात. घेण्याआधी ‘ज्ञानेश्वर क्षीरसागर, श्रीवर्धन’ एवढं छापून बघितलं तरी निकाल लागतो.

स्वतःच लिहून घेतलं तर?

आता एआयकडून अर्ध्या तासात प्लगिन लिहून मिळतं, आणि डिरेक्टरीकडे तपासणीसाठी येणाऱ्या नव्या प्लगिन्सची रांगही त्यामुळे फुगली आहे. व्हॉट्सॲपचं बटण, एक वेगळा पोस्ट प्रकार, तळाशी बदलणारं वर्ष, पिनकोडनुसार डिलिव्हरीचा संदेश यांसाठी आठ-दहा प्लगिन्स चढवण्यापेक्षा शंभर ओळींचं आपलं एक बरं. मालक तुम्हीच, विकलं जायची भीती नाही. लॉगिन, पैसे, फाइल अपलोड किंवा लोकांची वैयक्तिक माहिती जिथे येते तिथे मात्र हा प्रयोग नको. तिथे लाखो साइट्सवर मार खाऊन सुधारलेला कोडच लागतो, आणि तुमच्या शंभर ओळींतलं भोक शोधायला तुमच्याआधी दुसराच कोणी बसलेला असतो. लिहून घेतलंच, तर कोड एखाद्या जाणत्याला दाखवून मग चढवा, आणि क्लायंटच्या कागदपत्रांत ते प्लगिन कोणी लिहिलं, कशासाठी, हे दोन ओळींत नोंदवून ठेवा. तुमच्यानंतर ती साइट सांभाळणाऱ्याला मालक कोण हे शोधत बसावं लागणार नाही.